मागच्या मालकांचं गॅरेज

मिरजेच्या हेमंत वाळिंब्यांनी जुन्या बाजारातून एखादं हत्यार आणलं, की दोन-चार दिवसांत त्याचा मागचा मालक त्यांच्या गॅरेजमध्ये राहायला येत असे.

रंध्यामागून जतचा एक सुतार आला. करवतीमागून करवतीवाला आला. पान्यांचा संच आणला, तेव्हा अब्बास मिस्त्री वळकटी घेऊन आले आणि "कुठं टाकू?" एवढंच त्यांनी विचारलं. वाळिंबे पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, मोटार विकून टाकली होती, जागा रिकामीच होती. पत्नी शैलाताईंनी चहाचं पातेलं तेवढं मोठं घेतलं.

घरपट्टीच्या पाहणीला महापालिकेचा माणूस आला. त्याने भिंतीवर टांगलेली हत्यारं पाहिली, मग खाली बसलेली माणसं पाहिली.

"भाडेकरू का?"

"नाही. हत्यारांबरोबर आलेत."

"मग वेगळे धरता येत नाहीत," तो म्हणाला. "दांडा कसा हत्यारातच धरतात, तसं."

वाळिंब्यांना खरं तर एकट्याने खुडबुड करायची होती. एखादं स्टूल करावं, खिडकीची झडप नीट बसवावी. पण रंधा हातात घेतला की सुतार हळूच खाकरायचा. कानस उचलली की कानसवाला दुसरीकडे बघायचा. अडवत कोणीच नसे. तरी वाळिंब्यांचे खांदे भरून यायचे. हळूहळू त्यांनी काम सोडलं. नुसतं पुसायचं, तेल लावायचं, पुन्हा टांगायचं. आणि तरीही बाजारात गेलं की हात शिवशिवायचे. घरी येताना पिशवीत नवं हत्यार असायचं, आणि डोक्यात एकच विचार, की आता येणाऱ्याला झोपवायचं कुठं.

एका सकाळी इनामदार मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं. हाताने फिरवायचं ड्रिल ते मास्तरांचं. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि सगळ्यांच्या वतीने तेच बोलत.

"वाळिंबे, आम्ही थकलो."

"जेवणाचं काही कमी पडतंय का?"

"जेवण उत्तम आहे. पण नियम असा, की ज्याने विकलं त्याने हत्याराजवळ राहायचं. माझ्या आधीचा मालक माझ्या पडवीत किती वर्षं होता. मी ड्रिल विकलं त्या दिवशी उठला आणि चालू लागला. वळूनसुद्धा बघितलं नाही."

वाळिंब्यांनी भिंतीवरच्या हत्यारांकडे पाहिलं. "म्हणजे मी विकली, तर तुम्ही सुटाल."

"आम्ही सुटू. तुम्हाला जावं लागेल."

"घाई नाही साहेब," अब्बास मिस्त्री म्हणाले. "माझी लेक विजापूरला असते. तिला बघून लई दिवस झाले, एवढंच."

वाळिंब्यांनी चौकशी केली. कोल्हापूरचा एक हॉटेलवाला सगळी हत्यारं एकदम घ्यायला तयार झाला. त्याला ती फॅमिली रूमच्या भिंतीवर लावायची होती.

"मागच्या मालकाची सोय?" वाळिंब्यांनी फोनवर विचारलं.

"पार्किंगमध्ये आडोसा आहे. जेवण वेटरांबरोबर."

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. शैलाताई मेथी निवडत होत्या.

"आणि मी काय करायचं?"

"तू लेकीकडे, मनीषाकडे जा पुण्याला."

शैलाताईंनी उरलेली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "मला विका."

"तुला काय करायचीत?"

"काही नाही. पण दुसऱ्याच्या पार्किंगपेक्षा बायकोचं गॅरेज बरं."

"मला घरात येता येणार नाही, शैला. दारापर्यंतच."

"ठाऊक आहे. मास्तर तरी कुठं येतात? ताट मी दारात नेऊन देते, तसं तुम्हालाही देईन."

व्यवहार म्हटला की काहीतरी हातात पडायला हवं, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. शैलाताईंनी देवापुढचा नारळ आणून नवऱ्याच्या हातात ठेवला. कारखान्यानेही शेवटच्या दिवशी नारळच दिला होता. वाळिंब्यांनी हाही घेतला.

माणसं उठली. सुताराने गुडघे दाबले, मास्तरांनी चष्मा पुसला, आणि एकेक जण फाटकाबाहेर पडला. अब्बास मिस्त्रींनी कपातला चहा संपवला, कप नळाखाली विसळून पालथा ठेवला. "येतो, वहिनी," म्हणाले. पान्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

वाळिंब्यांना आता हवी ती जागा होती. कुठं बसावं ते मात्र कळेना. शेवटी ते भिंतीला टेकले. शैलाताईंनी आतून गादी आणून दिली, मग उशी, मग रक्तदाबाच्या गोळ्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे ढवळीकर आले. फणसाची फांदी त्यांच्या पत्र्यावर आली होती.

"वाळिंबे, करवत देता का जरा?"

"माझी नाही आता. हिला विचारा."

शैलाताई दारात आल्या. "न्या," म्हणाल्या. "पण उसनी. विकत मागू नका."

ढवळीकर करवत घेऊन निघाले. वाळिंबे भिंतीचा आधार घेत उठले.

"शैला, मी करवतीबरोबर जाऊन येतो."

"जेवायच्या आत या," शैलाताई म्हणाल्या आणि त्यांच्या गादीवर बसल्या. "तोवर बाकीच्या हत्यारांजवळ मी आहे."