सेप्टिमिऊरावांचा काटकसरी बॉयलर

बायको गेल्यानंतरच्या वर्षात सेप्टिमिऊराव सर्वांत जास्त बोलले ते बॉयलर विकणाऱ्याशी. रुमानियातल्या ब्राशोवच्या एका चार मजली इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. जुना बॉयलर बिघडला, तेव्हा त्यांनी नवा निवडायला चांगले दोन महिने लावले. घर तापवेल, आंघोळीचं पाणी देईल आणि गॅस बेतानंच खाईल असा हवा, म्हणून त्या माणसाला ते सारखे बोलावत, कॉफी पाजत, शंका विचारत. पाचव्या खेपेला शंका संपल्या आणि बॉयलर घ्यावाच लागला. त्याचं त्यांना वाईटच वाटलं.

हिवाळ्यात गॅसचं बिल अगदीच किरकोळ आलं. ते त्यांनी जिन्यात दाखवलं. वरच्या वेतुरियाबाई आणि खालचे होरिया मास्तर अकरा वर्षं भेटले की नुसती मान हलवत. आता दोघंही बॉयलर बघायला आले, स्वयंपाकघरात बसले, आलुबुखाराची दारू प्यायले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले.

"सतरा अंशांवर लावलाय," सेप्टिमिऊराव सांगत. "आणि घरात बघा, एकवीस."

मागितल्यापेक्षा जास्त देणारं यंत्र जगात असतं का, हे कोणी विचारलं नाही. दोघांनी तसाच बॉयलर मागवला.

शरदात तपासणीला लिविऊ मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं आणि हसू लागला.

"काका, हा आंघोळीपुरताच पेटलाय. घर सतराच्या खाली गेलंच नाही, म्हणून ते तापवायला एकदाही नाही. तुमचं घर वरचे आणि खालचे तापवतात."

बिलाची सेप्टिमिऊरावांना फिकीर नव्हती, पण हे कळलं तर रविवारी कोणी फिरकणार नव्हतं. कुठं बोलू नकोस, असं त्यांनी लिविऊला हात जोडून विनवलं.

नोव्हेंबरात शेजाऱ्यांचे बॉयलर बसले, अर्थात सतरावर. तिन्ही घरं एकदम गारठली. दोघांनी तक्रारीला बोलावलं तेही लिविऊलाच, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

संध्याकाळी दोघं लोकरी टोप्या घालून दारात उभे राहिले.

"आयत्या बिळावर नागोबा," वेतुरियाबाई आत येत म्हणाल्या. "अख्खा हिवाळा आमच्या उबेवर काढलात."

"आणि वर फुशारकी मारलीत आमच्यासमोरच," मास्तर खुर्ची ओढत म्हणाले.

सेप्टिमिऊरावांनी सगळं कबूल केलं. दोघं तासभर तोंडसुख घेत होते. बायको गेल्यापासून इतका वेळ त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

"हे इथं मिटणार नाही," शेवटी मास्तर उठले. "उद्या संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या अध्यक्षांना घेऊन येतो."

सेप्टिमिऊराव त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

"सकाळीच या ना," ते म्हणाले. "मी दिवसभर रिकामाच असतो."