साठावी विद्यार्थिनी

जाफराबादच्या एका कॉलेजात तासावर शिकवणाऱ्या भुजंग सरांनी वेळेच्या नियोजनावर ऑनलाइन कोर्स काढला. ज्याने त्याने आपापल्या सवडीने शिकायचं, हे त्याचं वैशिष्ट्य. प्राचार्यांची अट एकच. साठ जणांनी महिनाभरात कोर्स पुरा केला तर पुढच्या वर्षीही नेमणूक, नाहीतर रामराम.

एकोणसाठ जण मिळाले. साठावं नाव सरांनी घरातूनच घातलं, बायकोचं.

"नुसतं नाव हाय, तृप्ती. सवडीनं बघ."

"बघते की, सवड मिळाली की," म्हणत तृप्ती सोयाबीन पाखडायला गेली.

पंचविसाव्या दिवशी एकोणसाठ जणांचा कोर्स पुरा झाला. साठाव्या नावापुढे शून्य. सर तडक सोयाबीन पाखडत बसलेल्या तृप्तीकडे गेले.

"अगं, अजून सुरूच केलं न्हाई?"

"सवड कुठं मिळाली?"

"दिवसभर घरीच तर असतीस!"

हे बोलायला नको होतं, हे सरांना बोलून झाल्यावर कळलं. तृप्तीने सूप त्यांच्या हातात दिलं आणि मोबाइल घेऊन खाटेवर बसली.

त्या दिवसापासून भाकऱ्या सरांकडे आल्या. मग भांडी. मग पाणी भरणं. व्हिडिओतले सर इस्त्रीच्या शर्टात सांगत होते, "सकाळचा एक तास स्वतःसाठी राखून ठेवा." तव्यापुढचे सर भाजलेल्या बोटावर फुंकर घालत होते.

तृप्तीने व्हिडिओ थांबवला. "अहो, हा तास भाकरीच्या आधीचा का नंतरचा?"

"जल्दी पुढं जा ना! चारच दिवस राह्यलेत!"

"आपापल्या सवडीनं, असं तुम्हीच सांगून राह्यले की याच्यात. मी दोनदा ऐकलं."

शेवटच्या दिवशी दुपारी चारला तिने परीक्षा दिली. पास! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरून राह्यलो, असं ते म्हणाले.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. "अभिनंदन! नेमणूक पक्की समजा. एका बाईंचा अभिप्राय तर लई आवडला. कोर्समुळं घरात बराबर फरक पडला, पण महिना कमी पडतो म्हणतात. म्हणून पुढचा कोर्स वर्षभराचा केलाय. पहिलं नाव त्यांचंच आलंय."

सरांनी फोन ठेवला. तृप्ती खाटेवर पाय पसरून बसली होती.

"कोण होतं हो?"

"कॉलेज," सर म्हणाले, आणि त्यांनी परातीत पीठ घेतलं.