मध्यम खोलीची लाज

सार्वजनिक सेवेत माणसाचा चेहरा हाच खात्याचा चेहरा असतो, आणि खात्याचं बाकी काही सुधारणं शक्य नसल्यास निदान चेहरा सुधारावा, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पाणीखात्याच्या तक्रार निवारण अधिकारी साहेबांनी केमिकल पील करून घेतलं, ते मात्र निव्वळ बायकोच्या आग्रहाखातर. भाचीच्या लग्नात फोटो काढायचे होते. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी प्रकार समजावले. वरवरच्या पीलने फारसं काही दिसत नाही. खोल पील सगळ्यांना झेपत नाही. मध्यममध्ये ॲसिडने वरचा थर जळतो, आठवडाभर साल निघते आणि पुढे काही आठवडे चेहरा लाल राहतो. साहेबांनी मध्यम निवडलं. (उभ्या नोकरीत त्यांनी कशाच्याही खोलात जाणं टाळलं होतं.)

साल गळल्यावर साहेब लालबुंद चेहऱ्याने तक्रारींच्या खिडकीत बसले. समोर एक काकू, पुरावा म्हणून आणलेली कोरडी बादली घेऊन. त्यांच्या नळाला उन्हाळ्यापासून थेंब नव्हता आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दोन जिने पाणी चढवत होत्या.

"आज तोंडच बघते तुमचं," म्हणत त्या खिडकीत वाकल्या आणि बघतच राहिल्या. "अगंबाई! लाजलात की हो!"

"नाही हो काकू, ते ॲसिड..."

"असू दे, असू दे. आतून जळतंय ना? कळलं मला. शेवटी माणूसच आहात."

काकू घरी गेल्या. नळ कोरडाच होता, पण मन भरलं होतं.

त्यानंतर खिडकीवर कुणाचा आवाज चढला नाही. निकाली तक्रारी, शंभर टक्के. दुरुस्त नळ, शून्य. (हे आकडे वेगवेगळ्या विभागांचे आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध जोडू नये.) वरिष्ठांनी तातडीने आदेश काढला: जनतेसमोर जाणाऱ्या प्रत्येकाने मध्यम पील करून घ्यावं. डॉक्टर बाईंनी बजावलं, की दोन पीलमध्ये काही महिने जाऊ द्यावेत आणि उन्हात अजिबात फिरू नये. पहिल्या अटीसाठी पाळ्या लावण्यात आल्या. दुसरीमुळे उन्हात जाऊन पाइप तपासणं वैद्यकीय कारणास्तव बंद झालं. फिटरही जनतेसमोरच जात असल्याने तो आता सावलीत बसू लागला.

काकू पुन्हा आल्या तेव्हा साहेबांचा चेहरा नितळ झाला होता.

"काय हो, ओसरली वाटतं लाज?"

"बरा झालो, काकू."

"मग माझा नळ?"

साहेबांनी फिटरला पुढे केलं. त्याची पाळी नुकतीच झाली होती.

"अरे देवा, हा तर पार भाजलाय!" काकूंचा आवाज एकदम उतरला. "जप रे बाबा. पाण्याचं बघू सावकाश." त्यांनी बादली उचलली.

वाचक काकूंना भोळ्या म्हणतील. जरूर म्हणावं. फक्त मागच्या निवडणुकीत आपल्या दारात मान खाली घालून, हात जोडून कोण उभं होतं आणि त्याला काय विचारायचं आपण विसरलो, ते एकदा आठवून पाहावं. चेहरा थोडा लाल झाला? उत्तम. आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.