गैरहजराची सुपारी

सुधाकरभाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम सुपाऱ्या खुळखुळत असतात, आणि या माणसाने जन्मात कधी सुपारी तोंडात टाकलेली नाही. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. मी कंपनीत रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "भाऊ, मग हे ओझं कशाला?" तर म्हणाले, "लोकं आहेत ते, मॅडम." मी विषय तिथेच सोडला. नव्या नोकरीत माणसाने फार खोलात जाऊ नये.

आमची कंपनी सोयाबीनचं तेल काढते. दरवर्षी तिला एक शाश्वतता अहवाल काढावा लागतो. पाणी, धूर, झाडं, माणसं यांचं आम्ही काय करतो, ते त्यात लिहायचं. आणि आधी कशाला हात घालायचा, हे कंपनीशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारून ठरवायचं. मुख्यालय त्यांना 'हितधारक' म्हणतं. भाऊ म्हणतात, "ज्याचं दुखते तो! कायले जीभ वाकडी करता?" विचारायचं काम माझं, आणि जिल्ह्यातली गावं पाठ म्हणून सोबत भाऊ.

पहिली बैठक इंझोरीला झाली. मुख्यालयाने फॉर्म पाठवले होते. प्रत्येक विषयाला एक ते पाच गुण द्यायचे. तासाभराने गोळा केले, तर सगळ्या फॉर्मवर सगळ्या विषयांना पाचच्या पाच! मी एका आजींना विचारलं, "आजी, सगळ्यालाच पाच?"

"मंग? चहा पाजला तुमी. कमी काहून देऊ?"

मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊंनी मात्र पिशवीतून सोयाबीन काढलं, एकेका विषयाचं चित्र असलेले कागद सतरंजीवर मांडले आणि प्रत्येकाच्या हातावर मोजून पाच दाणे ठेवले. "जिथं दुखते तिथंच ठेवा. सारं आंग एका वक्ती नाई दुखत." आजी बराच वेळ दाणे मुठीत धरून बसल्या. मग पाचही दाणे विहिरीच्या चित्रावर ठेवून मोकळ्या झाल्या. मुख्यालयाचे फॉर्म मी गाडीच्या डिकीत टाकले.

मग मानोरा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावर गेलो. दिवाळी होऊन गेलेली, निम्मा तांडा ऊसतोडीला. सतरंजीवर पाच-सात म्हातारी माणसं आणि धुळीत खेळणारी पोरं. मी म्हटलं, चला, लवकर आटपेल. भाऊंनी खिशात हात घातला आणि कुलूप असलेल्या प्रत्येक घरामागे एकेक सुपारी सतरंजीवर ओळीने मांडली.

"पूजेले बायको हजर नसली त मानूस शेजारी सुपारी ठेवते का नाई? तसंच हे."

"भाऊ, सुपारी मत देत नाही," मी जरा चिडूनच म्हटलं.

"म्हनून त फोन आहे."

म्हाताऱ्यांकडून नंबर घेऊन ते एकेकाला फोन लावत सुटले, स्पीकरवर. माणूस बोलून झाला की त्याची सुपारी उचलायची, खिशात टाकायची आणि त्याचे दाणे ठेवायचे. पहिल्याने योजना विकणारा समजून फोन कापला. दुसऱ्याने कापला नाही, पण ऐकूही येईना. तिसरी बाई उसाच्या फडातून ओरडून बोलत होती, "झाडं लावा नाईतर नका लावू, बाप्पा! आमी सावलीले असतोच कुठं? पोरं बुढीजवळ ठिवून आलो. ते जेवतात का, शाळेत जातात का, ते पाहा."

असा विषय आमच्या यादीत नव्हताच. भाऊंनी एक कोरा कागद मांडला आणि तिचे पाच दाणे त्यावर ठेवले. ऊन कलेपर्यंत बहुतेक सगळे दाणे त्या कोऱ्या कागदावर जमले होते. मुकाट्याने मीही फोन लावू लागले.

मुख्यालयाने कळवलं, यादीबाहेरचा विषय घेता येत नाही. मी महिनाभर फोनवर भांडले. एरवी मी इतकी भांडणारी नाही, पण ती सुपाऱ्यांची ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी अहवालात पहिलाच विषय आला : तांड्यावर मागे राहणाऱ्या मुलांचं जेवण आणि शाळा.

छापील प्रत घेऊन मी रविवारी भरदुपारी भाऊंच्या घरी, रिठदला गेले. दार उघडंच होतं. भाऊ एकटेच जेवायला बसले होते. समोर दुसरा पाट मांडलेला, आणि पाटावर एक सुपारी.

मी दारातच थांबले. "भाऊ, वहिनी... कधी?"

"अवो, जित्ती आहे ते!" भाऊ दचकून म्हणाले. "पुन्याले गेली, पोराकडं. नातू सांभाळाले. दोन वर्सं झाले."

"परत कधी यायचंय त्यांना?"

"इचारलं नाई."

"आणि जायचं होतं का?"

भाऊंचा हात भाकरीवरच थांबला. "पोराचा फोन आला. म्या तिकीट काढलं, ब्याग भरली. तिले..." त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

जिल्हाभर माणसं विचारत हिंडलेल्या या माणसाचा मला राग आला आणि त्याहून जास्त माया आली. त्यांचेच शब्द त्यांच्यावर उलटवले, "भाऊ, ज्याचं दुखतं त्याला विचारा."

त्यांनी डाव्या हाताने फोन लावला आणि सवयीने स्पीकरवर टाकून खाली ठेवला.

"काहून हो? तब्येत बरी आहे ना?" वहिनींचा घाबरलेला आवाज आला.

"बरी आहे. तुले एक इचाराचं होतं." भाऊ फोनकडे वाकले. "तुले काय पाह्यजे? तिथं राहू वाटते का इथं?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"कायचा फॉर्म भरून राह्यले का तुमी?"

"नाई व. मीच इचारून राह्यलो."

नातवाचं काहीतरी बडबडणं तेवढं ऐकू येत होतं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. आवाज ओला होता. "ग्यास बंद करून येते. फोन ठिवू नका."

भाऊंनी फोन ठेवला नाही. समोरच्या पाटावरची सुपारी उचलली आणि खिशात टाकली.