सतरंजी अंथरायच्या आधी

परभणीत पत्रिकेवर लग्नाची वेळ बारा पस्तीस छापलेली असेल, तर शहाणा माणूस एक वाजता इस्त्रीचे कपडे शोधायला लागतो. आमचे शेजारी रामकिशनभाऊ अकराला मांडवात हजर असतात. तेव्हा नवरदेव आलेला नसतो, भटजी आलेले नसतात, आचाऱ्याचा कांदा चिरून झालेला नसतो. सतरंज्यासुद्धा गुंडाळलेल्याच असतात. त्यातल्या एका गुंडाळीवर पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून हे गृहस्थ बसलेले असतात. मंडपवाला त्यांना उठवतो, सतरंजी अंथरतो आणि ते पुन्हा तिच्यावरच बसतात.

लग्नच पाहिजे असं काही नाही. बारसं, वास्तू, जावळ, तेरवी, कोणाच्या सेवानिवृत्तीचा निरोप, नव्या ट्रॅक्टरची पूजा, काहीही चालतं. समोरच्या जोश्यांनी इन्व्हर्टर घेतला तेव्हाही भाऊ दारात उभे. "काहून ओ, चार माणसं बोलवली न्हाईत? असा गपचूप कोणी इन्व्हर्टर घेतो का?" जोश्यांनी ओशाळून भज्यांचा घाणा काढला आणि अर्धी गल्ली इन्व्हर्टर बघायला आली. इन्व्हर्टर बघायचा म्हणजे काय बघायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

झरीच्या रस्त्यावर त्यांचं मोटारी वाइंड करायचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळली की लोक तिथं घेऊन येतात. दुकानाला कुलूप असतं आणि कुलपाला पुठ्ठा लटकत असतो, "कार्यक्रमाला गेलो आहे." हा पुठ्ठा काढलेला मी क्वचितच पाहिला. शेतकरी बिचारे पायरीवर बसून राहतात किंवा मोटार गाडीवर तशीच ठेवून भाऊंना शोधत मांडवोमांडवी फिरतात. एकदा तर अक्षता पडत असताना मागून एक जण विचारत होता, "भाऊ, बुधवारपर्यंत व्हईल का?" आणि भाऊ अक्षता टाकत म्हणाले, "शुभमंगल होऊ दे आधी."

मला स्वतःला माणसांचं वावडं नाही. पण प्रत्येक गोष्टीची यादी करून, वेळ ठरवून, काम उरकून घरी यावं, असा माझा स्वभाव. भाऊंचा सगळा जन्म मला न उरकलेल्या कामासारखा वाटतो. माझी मुलगी ऋतुजा म्हणते, "आई, काही लोकांची बॅटरी माणसांत चार्ज होते." असेल. पण चार्ज झालेली ती बॅटरी कुठल्या कामाला लागते, हे एकदा कोणीतरी दाखवावं.

माणसांत घुसायचा हा हव्यास कशासाठी, याचाही मी पद्धतशीर विचार करून पाहिला. फुकटच्या जेवणासाठी म्हणावं, तर भाऊ पानावर दोन पुऱ्या आणि चमचाभर बुंदी घेऊन उठतात. घर खायला उठत असेल म्हणावं, तर घरात दोन मुलगे, दोन सुना आणि मोजता न येणारी नातवंडं. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणतात, "ह्यांना घरात दम निघत न्हाई. घरात लग्न लागलं तरी हे शेजारच्या मांडवात जातील." शेवटी मी निष्कर्ष काढला की माणूस मुळातच रिकामटेकडा आहे. तो निष्कर्ष मला बरीच वर्षं पुरला.

समारंभाचं परीक्षण ते दोन शब्दांत करतात. जेवण कसं होतं, नवरी कशी होती, याच्याशी देणंघेणं नाही. "माणूस होतं" म्हणजे उत्तम. "माणूस न्हवतं" म्हणजे सगळं फुकट. आमच्या सासूबाईंच्या तेरवीनंतर माझं सांत्वन करायला आले आणि म्हणाले, "वैनी, लय माणूस होतं."

आणि फोन. प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी ते मांडवाच्या बाहेर जाऊन, एका कानावर हात ठेवून ओरडतात, "लय माणूस! पाय ठेवायला जागा न्हाई! हां, हां, अजून यायलेत!" मांडवात कधी पंधराच टाळकी असतात. पलीकडं कोणीतरी दुसरा असाच रिकामटेकडा असणार, असं मी धरून चालले होते.

ऋतुजाचं सेलूला जमलं तेव्हा मी ठरवलं की साखरपुडा मोजक्या माणसांत करायचा. कॉलनीतलं छोटं कार्यालय, रविवारी सकाळी अकरा, यादी पक्की. भाऊंना बातमी लागायला अर्धा तासही लागला नाही.

"मोजकी माणसं? वैनी, पोरगी द्यायलात का लपवायलात?"

"भाऊ, आजकाल असंच करतात."

"आजकालचं मला सांगू नका. पोरीच्या कार्याला माणूस पाहिजे."

मी चहा विचारला नाही, तरी ते पिऊन गेले.

यादीत चूक नव्हती. चूक तारखेत निघाली. आठवड्यावर आलं असताना कळलं की त्याच रविवारी एका मोठ्या पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे. आमच्याकडं पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात तोंड दाखवलं नाही, तर ते त्यांच्या लक्षात राहो न राहो, आपल्याला वर्षभर धाकधूक राहते. माझ्या यादीतल्या प्रत्येकानं मला सांगितलं, "तिकडं तोंड दाखवून लगेच येतो." सख्ख्या दिरांनीसुद्धा.

रविवारी सकाळी भाऊ गुंडाळलेल्या सतरंजीवर बसलेले होतेच. सेलूची मंडळी वेळेवर आली. परभणी जिल्ह्यात कोणी वेळेवर येतं, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्यांच्या दोन गाड्या भरून माणसं, आणि आमच्या बाजूला आम्ही दोघं नवरा-बायको, ऋतुजा, माझी बहीण, कौसल्याबाई आणि रांगेनं रिकाम्या खुर्च्या. मुलाच्या आत्यानं सगळीकडं नजर फिरवली.

"मुलीकडची मंडळी यायचीत वाटतं?" त्या म्हणाल्या. बोलणं गोडच होतं. पण हे वाक्य पुढं किती वर्षं, कोणकोणत्या प्रसंगी ऋतुजाच्या कानावर पडेल, ते मला लख्ख दिसलं. ऋतुजालाही दिसलं. ती साडीचा पदर उगाच सारखा करत राहिली.

मी दिरांना फोन लावत सुटले. तिकडून नुसता बँड ऐकू येत होता.

भाऊ रिकाम्या खुर्च्यांकडं बघत होते. मग ते उठले. "वैनी, पाव्हण्यांना चहा द्या. सावकाश द्या," म्हणाले आणि मोटारसायकलवर बसून गेले.

पाहुण्यांचा दुसरा चहा होत होता तेव्हा माणसं यायला लागली. दुकानाच्या पायरीवर मोटारी घेऊन बसलेले शेतकरी आले. झरीच्या रस्त्यावरचे मेंढरंवाले दोघे भाऊ खांद्यावर घोंगडी टाकून, बायकांसह आले. मागच्या गल्लीतल्या बौद्ध महिला मंडळाच्या बायका वंदना आटोपून पांढऱ्या साड्यांतच आल्या. त्यांच्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी ऋतुजाला चौथीत शिकवलेलं. त्या सरळ पुढं गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. प्रत्येकाला भाऊंनी एकच थाप मारली होती, "वैनींनी खास सांगावा धाडलाय, तुमच्याबिगर साखरपुडा अडलाय." त्यामुळं प्रत्येक जण मला भेटून, "आमची आठवण ठेवली बाई," असं म्हणत होता आणि मी मान डोलवत होते. आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा लय राबता दिसतो लोकांत." मी म्हटलं, "असतो आपला."

साखरेचा पुडा दिला, कुंकू लागलं, पंगत बसली. माझ्या यादीतली माणसं पंगतीच्या शेवटी उगवली आणि जागा नाही म्हणून उभी राहिली. ते मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून ओरडणं ऐकू आलं, "लय माणूस! पाय ठेवायला जागा न्हाई!"

"कोणाला सांगतात हो हे दरवेळी?" मी कौसल्याबाईंना विचारलं. त्या मठ्ठा ढवळत होत्या.

"आक्काला. ह्यांची थोरली बहीण. गंगाखेडकडं असती." त्यांनी पळी झटकली. "आक्काच्या लग्नादिवशी पाटलाच्या घरी पण लग्न होतं. समदं गाव तिकडं गेलं. वऱ्हाड आलं तर मांडवात नुसत्या सतरंज्या. हे ल्हान होते, तिथंच बसून होते म्हणं. आक्काला सासरी जलमभर टोमणा, तुज्या लग्नाला कुत्रं न्हवतं. आता ती जागची हालत न्हाई. पण कुठं लग्न हाय म्हटलं, की इचारती, माणूस होतं का."

मी बाहेर गेले. भाऊंनी मला पाहिलं आणि फोन पुढं केला. "वैनी, जरा बोला. तिचा माज्यावर भरवसा न्हाई."

पलीकडचा आवाज म्हातारा, बारीक होता. "पोरीची आई का? खरं सांगा बाई, होती का माणसं? ह्यो लबाड हाय. मला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतो."

मी आत पाहिलं. नेमका आकडा मला पाठ होता. सकाळपासून दुसरं मी मोजत काय होते?

"आक्का, उभं राहायला जागा नव्हती," मी म्हणाले.

मग आक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता तिला कोणी बोलणार न्हाई."