डाव्या गालावरचा अन्याय

"अहो, उजव्या गालाला एक नंबरची डबी, डाव्याला दोन नंबरची. उलटसुलट केलंत तर बघा!" बायकोने दोन डब्या बेसिनवर आपटल्या आणि पोस्टातल्या कारकुनाच्या दाढीवर संकट आलं.

बायको क्रीमच्या कारखान्यात केमिस्ट. दाढीनंतरची आग शमावी म्हणून ज्येष्ठमधाच्या मुळांचा अर्क घातलेल्या क्रीमवर ती तीन वर्षं खपली होती. पण साहेब अडून बसले. "अर्क काढायला दोन दिवस मोडतात. त्याच्याशिवायही क्रीम तेवढंच चालतं!" शेवटी परीक्षा ठरली. एका डबीत अर्क, दुसरीत नाही. कुठल्या डबीत, ते फक्त तिलाच ठाऊक. साहेबांनी स्वतःचेही गाल परीक्षेला बसवले. फरक दिसला नाही तर अर्क बंद, आणि बायकोची रवानगी लेबलं चिकटवायला.

चौथ्या दिवशी कारकुनाचा उजवा गाल लोण्यासारखा मऊ झाला आणि डावा लालबुंद. खिडकीवरच्या आजीबाई वाकून म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना हो? कोणी थोबाडीत दिली की काय?" मागची सगळी रांग खो खो हसली.

पाचव्या दिवशी त्याने दाराला कडी लावली आणि एक नंबरचं क्रीम डाव्यालाही फासलं. सख्ख्या भावांत असला दुजाभाव त्याला बघवेना. अहाहा, काय गार वाटलं! मग रोज तेच सुरू झालं.

चौदाव्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या डब्या घेऊन कारखान्यात या. कोणी किती वापरलं, वजन करून बघणार आहे."

त्याला दरदरून घाम फुटला. एक नंबरची डबी बुडाला टेकलेली, दोन नंबरची जवळजवळ भरलेली! त्याने चमचा आणला, दुसरीतलं निम्मं पहिलीत भरलं आणि वरून छान सारवून घेतलं.

कारखान्यात बायकोने सगळ्या डब्या तोलल्या. वजनं चोख निघाली. साहेबांच्या डबीला जरा भलताच वास येत होता, पण साहेबांना कोण विचारणार?

साहेबांनी भिंग घेऊन कारकुनाचे गाल तपासले. "दोन्ही सारखेच! माझेही सारखेच. संपलं, बाई, त्या मुळाचं काम."

बायकोने पेनाला टोपण लावलं. हनुवटी तेवढी थरथरली. बायको आयुष्यभर ऐकवेल ते ऐकवेल, पण कारकुनाला हे बघवेना.

"साहेब, हा डावा गाल खोटं बोलतोय!" तो ओरडला. "भडका उडायचा हो त्याचा! म्हणून चोरून एक नंबरचं लावलं. दोन्हीकडे. दहा दिवस!"

"अहो!" बायको किंचाळली. "अर्क एक नंबरच्याच डबीत होता!"

साहेबांचा हात हळूच स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला. मग ते उठले, दार लावून आले आणि कारकुनाच्या कानाशी वाकले.

"मग वजन कसं जुळवलंत?"

"दुसरीतलं काढून पहिलीत भरलं."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! एवढं सोपं होतं? मी टूथपेस्ट भरली हो!"

बायकोने पेनाचं टोपण काढलं, परीक्षेच्या कागदावर 'अर्क चालू' असं लिहिलं आणि तो पुढे सरकवला. "सही इथे करा, साहेब."