डचेसचा घास

सोमवारी सकाळी कपाट उघडलं आणि मारलिस फ्रीसन दचकलीच. खुंटीवरचा हळदी रंगाचा स्वेटर जागेवर नव्हता. तिथे एक जांभळं जाकीट लटकत होतं आणि त्याच्या कॉलरला चक्क रिबीन बांधलेली होती.

"गॉर्ड! माझा स्वेटर कुठाय?"

"हॅपी बर्थडे!" नवरा स्वयंपाकघरातून ओरडला. "शनिवारी देऊन टाकला एकदाचा. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. अगं, कोपरं बाहेर आली होती त्याची! सहा वर्षं तोच एक स्वेटर. लोक मला काय म्हणत असतील?"

मारलिस मटकन पलंगावर बसली. "मेले मी, गॉर्ड. मेले."

आता एका स्वेटरपायी बाई का मेली, ते सांगायला हवं. सास्काटूनच्या विद्यापीठात ती कावळ्यांवर संशोधन करत होती. विषय होता नवलाई. नवं काही दिसलं की जीव घाबरतो किती, आणि किती वेळाने सरावतो? त्यासाठी खाण्याच्या वाटीशेजारी एखादी अनोळखी वस्तू ठेवायची, कधी लाल चेंडू, कधी बाटली धुवायचा ब्रश, आणि कावळा पहिला घास किती सेकंदांनी घेतो ते घड्याळात बघायचं. वस्तू तेवढी नवी हवी, म्हणजे बाकी झाडून सगळं जुनं हवं. म्हणून सहा वर्षं मारलिसने स्वेटर बदलला नव्हता, बूट बदलले नव्हते, शाम्पूसुद्धा बदलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला ते मानवलंही होतं. नव्या गोष्टीची तिला लहानपणापासून धास्ती. गुरुवारी बटाट्याचे पेरोगी, सारण भरून उकडलेल्या करंज्याच त्या, म्हणजे गुरुवारी बटाट्याचेच पेरोगी.

सात कावळ्यांपैकी सहांचं काम झालं होतं. राहिली होती एकटी डचेस, सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत भित्री.

उणे तीस अंशांच्या थंडीत मारलिस धावतपळत दुकानात पोचली. गल्ल्यावरच्या एपबाईंनी चष्मा वर केला. "तो पिवळा? छे गं, शनिवारीच गेला. एक उंच गृहस्थ होते. विमानात बॅग हरवली म्हणे त्यांची, बिचारे नुसते कुडकुडत होते. तुझा होता का? मला वाटलं, कुणीतरी गेलं असेल."

शेवटी जांभळं जाकीट घालून ती कावळ्यांच्या खोलीत शिरली मात्र, डचेसने आकांत मांडला. छताजवळच्या फांदीवर जाऊन बसली ती बसलीच. वाटी भरलेली तशीच राहिली. आपल्याकडे कावळा शिवेना झाला की दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेतात. विज्ञानात ती सोय नाही.

मंगळवारी तेच. मारलिस खोलीत असेपर्यंत डचेस खायची नाही, आणि ती गेल्यावरही चिमूटभरच. बुधवारी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई हनाटिव यांनी डचेसचं वजन केलं आणि मान हलवली.

"हे असं चालायचं नाही, मारलिस. उद्या बारापर्यंत तिने तुझ्यासमोर खाल्लं नाही तर मी तिला प्रयोगातून काढणार. पक्ष्याचे हाल मी बघणार नाही."

"डॉक्टर, तिला काढलंत तर सहा वर्षं पाण्यात गेली हो माझी!"

"आणि पक्षी गेला तर?"

मारलिसने डचेसकडे पाहिलं. डचेसला तिने पिल्लू असल्यापासून… छे, डचेस तर या खोलीत तिच्याही आधीपासून होती. एवढी म्हातारी, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. त्या दुपारी डचेस दोन फांद्या खाली उतरली, पण मारलिसला ते दिसलं नाही. ती डोळे घट्ट मिटून देवाचा धावा करत होती.

गुरुवारी सकाळपासून मारलिसला आत जायचा धीरच होईना, आणि साडेअकराला बाहेरचे परीक्षक आले. मोंक्टनचे प्राध्यापक थिबोदो, आठवडाभर व्याख्यानांसाठी शहरातच होते. उंच, हसतमुख, आणि अंगात हळदी रंगाचा स्वेटर. कोपरं बाहेर.

मारलिसने तो एका नजरेत ओळखला. जो माणूस आपल्या प्रबंधावर शेरा मारणार, त्याला कपडे काढायला सांगायचं? पण घड्याळ काही थांबत नव्हतं.

"सर… तुमचा स्वेटर…"

"झकास आहे ना? चार डॉलर!"

"काढा."

"काय?"

"काढा ना, सर! पाया पडते तुमच्या!" आणि रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. थिबोदोंनी मुकाट्याने स्वेटर काढला. ती तो चढवून आत पळाली.

आतून जो कल्लोळ उठला, तो पार जिन्यापर्यंत ऐकू गेला. डचेस पुन्हा छताला. मारलिस पांढरीफटक होऊन बाहेर आली. "ओळखलंच नाही तिने! बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. संपलं सगळं."

पातळ शर्टात दंड चोळत थिबोदो म्हणाले, "बाई, ते जांभळं किती दिवस घालताय?"

"आज चौथा दिवस."

"आणि कावळा नव्या गोष्टीला किती दिवसांत सरावतो?"

"तीन," मारलिस हुंदका देत म्हणाली. "प्रबंधात चाळीसाव्या पानावर आहे."

"मग? तिच्या लेखी आता जुनं कोण आणि नवं कोण? त्यात स्वेटरला माझ्या अत्तराचा वास. तुमचं संशोधन तुम्हीच वाचलं नाहीत की काय?"

मारलिसने स्वेटर काढून पुन्हा जाकीट चढवलं आणि आत जाऊन स्टुलावर बसली. या खेपेला डोळे उघडे ठेवून. डचेसने मान तिरकी करून तिला न्याहाळलं. एक फांदी खाली. आणखी एक. मग टुणकन वाटीशी आली आणि तिने घास घेतला. चाळीस सेकंद. बाराला चार मिनिटं कमी होती.

बाहेर आल्यावर मारलिसला रडू आवरेना. स्वेटर तिने हातात धरला, एकदा कोपरावरून बोट फिरवलं आणि थिबोदोंना देऊन टाकला. "घ्या, सर. मोंक्टनला पण थंडी असेल."

संध्याकाळी गॉर्ड जेवायला बसला आणि थबकला. पुढ्यात नव्या इथिओपियन हॉटेलातून आणलेली भलीमोठी जाळीदार पोळी होती, वर लालभडक डाळ.

"हे काय? आज गुरुवार ना? पेरोगी कुठायत?"

"नाहीत."

गॉर्डने खुर्ची मागे सरकवली. "मारलिस, काही झालंय का? डॉक्टर काही म्हणाले का तुला?"

"काही नाही झालं. खा तू."

त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने ताट न्याहाळलं. हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. सहा वर्षांच्या सवयीने मारलिसची नजर घड्याळाकडे गेली.

पहिला घास चार मिनिटं बारा सेकंदांनी गेला. डचेसला आता भित्री म्हणायचं नाही, असं मारलिसने ठरवलं.